घरोघरची पाहणी : हैदराबादचा अनुभव, गोव्याचे आकडे

सार्वजनिक आरोग्याच्या प्रत्येक योजनेला दोन हिशेब असतात. एक खात्याचा. किती लोहगोळ्या खरेदी झाल्या, किती आरोग्य केंद्रांपर्यंत गेल्या, किती गर्भवतींच्या कार्डावर त्यांची नोंद झाली, हे त्यात मांडलेले असते. दुसरा हिशेब घरातला. त्यांपैकी किती गोळ्या फडताळात तशाच राहिल्या, किती मळमळते म्हणून पहिल्या आठवड्यातच बंद झाल्या आणि अखेरीस त्या बाईच्या रक्तातील हिमोग्लोबिन वाढले की नाही, हे उंबरठा ओलांडल्याशिवाय कळत नाही. विधिमंडळात मंत्री उत्तर देतात ते पहिल्या हिशेबातून, कारण दुसरा बहुधा हाताशी नसतोच.

तो हाताशी आला की चित्र कसे बदलते, याचे उदाहरण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) सापडते. गर्भारपणात किमान शंभर दिवस लोहगोळ्या घेतलेल्या मातांचे प्रमाण देशभरात ४४.१ टक्के भरले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ मोहिमेचे लक्ष्य रक्तक्षयाचे प्रमाण दरवर्षी तीन टक्क्यांनी खाली आणण्याचे होते. प्रत्यक्षात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील प्रमाण चौथ्या पाहणीतील ५३.१ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेले. गोव्यात ते ३१.३ वरून ३९ टक्क्यांवर पोहोचले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत ४८.३ वरून ५३.२ टक्क्यांवर.

गोव्याचे आकडे देशाच्या तुलनेत बरे दिसतात, पण त्यांतील वाढ अस्वस्थ करणारी आहे. ज्या राज्यात जवळपास प्रत्येक बाळंतपण इस्पितळात होते, जिथे कोणत्याही गावापासून आरोग्य केंद्र फार दूर नाही, तिथे पाच वर्षांत स्त्रियांमधील रक्तक्षय जवळजवळ आठ टक्क्यांनी का वाढावा? आहार बदलला, की गोळ्या घेतल्या जात नाहीत? राज्यात नव्याने राहायला आलेल्या कष्टकरी कुटुंबांमुळे सरासरी बदलली, की मोजमापातच काही फरक पडला? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या अहवालातून मिळत नाही, कारण २०१५-१६ ची फेरी आणि २०१९ ची फेरी यांच्या मधल्या काळात त्याच पद्धतीने कोणी मोजलेच नाही. दोन टोकांचे दोन बिंदू हाती आहेत. मधली वाट कोणी पाहिलेली नाही.

मधली वाट पाहण्याचे काम भारतात एके काळी नेमाने होत होते आणि त्याचे केंद्र हैदराबाद होते. उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारी, तारनाका भागात राष्ट्रीय पोषण संस्था उभी आहे. तिची सुरुवात १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे, बेरीबेरी या रोगाचा शोध घेण्यासाठी रॉबर्ट मॅकॅरिसन यांना दिलेल्या एका खोलीच्या प्रयोगशाळेतून झाली. १९५८ मध्ये ती हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२ मध्ये राष्ट्रीय पोषण देखरेख केंद्र स्थापन केले, ते याच संस्थेच्या छायेत. दहा राज्यांत त्याची पथके होती. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गुजरात त्यांत होते. गोवा त्या वेळी दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता आणि या यादीत नव्हता.

या केंद्राचे काम कसे चाले ते समजून घेण्यासारखे आहे. पथकात वैद्यकीय अधिकारी, पोषणतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ता असे. निवडलेल्या घरात त्या दिवशी शिजवायला काढलेले धान्य, डाळ, तेल, भाजी कच्चे असतानाच तोलले जाई. पुढे चोवीस तासांच्या स्मरणाची पद्धत रूढ झाली. घरातील बाई ‘दोन वाट्या आमटी’ म्हणाली, तर तिची वाटी नेमकी केवढी हे ठरावीक मापाच्या भांड्यांशी ताडून पाहिले जाई. घरातील माणसांची नुसती मोजदाद करून भागत नसे. बैठे काम करणारा प्रौढ पुरुष एक एकक धरून श्रमिक, गर्भवती, मुले यांचे वेगवेगळे अंश लावून घराची गरज काढली जाई. मुलांची उंची, वजन, डोळ्यांतील व त्वचेवरील कमतरतेची लक्षणे तपासली जात. मुख्य म्हणजे १९७५-७९ मध्ये ज्या गावांत पाहणी झाली होती, त्याच गावांत १९८८-९० मध्ये आणि पुन्हा १९९६-९७ मध्ये पथके परत गेली. पद्धत तीच, गावे तीच. त्यामुळे बदल दिसला तो खरोखरच बदल आहे, असे म्हणण्याला आधार होता.

या कष्टाचे फळ केवळ अहवालांपुरते राहिले नाही. साठच्या दशकात जगभर असा समज दृढ होता की, गरीब देशांतील मुलांचे कुपोषण मुख्यतः प्रथिनांच्या अभावाचे आहे. म्हणून प्रथिनयुक्त बिस्किटे, शेंगदाण्याचे पीठ, दुधाची भुकटी हेच त्यावरील उपाय. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या हैदराबादच्या सहकाऱ्यांनी घरोघरच्या आहाराची मोजणी करून दाखवले की, बहुतेक मुलांच्या ताटात मुळात अन्नच कमी आहे. नेहमीची भाकरी, भात, डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनांची बरीचशी तूट आपोआप भरून निघते. महागड्या विशेष खाद्यांवरचा भर कमी होऊन पूरक आहाराकडे लक्ष वळण्यात या मोजणीचा मोठा वाटा होता.

आकड्यांचा अर्थ लावण्यावरून वादही झडले, आणि त्यांत एक बाजू मराठी माणसाची होती. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. सरासरी गरजेपेक्षा कमी उष्मांक घेणारा प्रत्येक जण उपाशी मानू नये, कारण एकाच माणसाचा आहार दिवसागणिक बदलतो आणि शरीर काही प्रमाणात जुळवून घेते, असे त्यांचे म्हणणे होते. वि. म. दांडेकरांनी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला. गोपालनांनाही शरीराच्या जुळवून घेण्याची किंमत मान्य नव्हती. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पण असा वाद होऊ शकला, कारण वाद घालण्याजोगे मोजमाप दोन्ही बाजूंसमोर होते.

जीवनसत्त्व ‘अ’चा प्रश्न आणखी बोलका आहे. लहान मुलांना दर सहा महिन्यांनी या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, तोच हैदराबादच्या क्षेत्रीय प्रयोगांच्या आधारावर. रातांधळेपणा आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येणारे फेसाळ ठिपके ही या कमतरतेची खूण. देखरेख केंद्राच्या पुढील फेऱ्यांत हे ठिपके असलेल्या मुलांचे प्रमाण घटत गेलेले दिसले. खात्याने ते श्रेय आपल्या मात्रांना द्यावे, हे साहजिकच. पण त्याच पाहण्यांनी हेही नोंदवले की, ठरलेल्या सर्व मात्रा मिळालेली मुले थोडीच होती. मग घट कशामुळे झाली? गोवराची लस, आहारातील बदल, अतिसारावर वेळीच उपचार, अशी अनेक कारणे पुढे आली. केवळ मात्रांच्या बाटल्यांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते.

असे हे केंद्र २०१५ मध्ये बंद करण्यात आले. चार दशकांची सलग मालिका तिथे तुटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी देशभर आणि जिल्हानिहाय होत असताना वेगळे केंद्र कशाला, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. १९९२-९३ पासून चालत आलेल्या त्या पाहणीची व्याप्ती निर्विवाद मोठी आहे. पाचव्या फेरीत सहा लाख छत्तीस हजारांहून अधिक घरे तिने गाठली. मात्र ती ताटातले अन्न तोलत नाही. आठवड्यातून किती वेळा डाळ, किती वेळा फळे एवढेच विचारते. शिवाय दोन फेऱ्यांतील अंतर कधी सहा वर्षांचे, कधी दहा वर्षांचे राहिले आहे. दहा वर्षांत दोन सरकारे येऊन जातात. योजनेचे नावही बदलते.

त्यात आता मोजण्याच्या साधनाचाच प्रश्न उभा आहे. कुटुंब आरोग्य पाहणीत बोटाला टोचून आलेल्या थेंबावरून हातातल्या यंत्राने हिमोग्लोबिन मोजले जाई. २०१५-१६ मध्ये या पद्धतीने देशातील सहा महिने ते पाच वर्षांच्या ५८.६ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्यानंतर लगेच, २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा एक ते चार वर्षांच्या मुलांतील प्रमाण ४१ टक्के निघाले. वयोगटात थोडा फरक आहे हे खरे. पण सतरा टक्क्यांची तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. बोटाचा थेंब पिळून काढताना त्यात पेशींमधील पाणी मिसळले की आकडा खाली येतो, ही तज्ज्ञांची जुनी तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२४ मधील मार्गदर्शिकेत शिरेतील रक्तालाच पसंती दिली.

या वादानंतर सहाव्या कुटुंब आरोग्य पाहणीतून रक्तक्षयाची तपासणी वगळण्यात आली आणि आहार व रक्तातील पोषणघटक मोजण्याची वेगळी राष्ट्रव्यापी पाहणी पुन्हा हैदराबादच्याच पोषण संस्थेकडे सोपवण्यात आली. शास्त्रीयदृष्ट्या हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. शिरेतील रक्त अधिक विश्वासार्ह आहे आणि चोवीस तासांच्या आहाराची नोंद पुन्हा सुरू झाली, हे स्वागतार्हच. पण नवी पद्धत आणताना जुनी काही काळ तरी सोबत चालवायची असते. म्हणजे एका फुटपट्टीवरचा आकडा दुसऱ्या फुटपट्टीवर कुठे बसतो ते कळते. तशी सोय न केल्यास पुढचा आकडा कमी निघाला तरी तो मोहिमेचे यश की सुईचे, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. गोव्याच्या ३९ टक्क्यांचे तेच होणार आहे.

गोव्यापुढील अडचण एवढ्यावर थांबत नाही. राष्ट्रीय पाहणीत गोव्यातील सुमारे १,९०० घरे निवडली गेली. घरटी चार माणसे धरली तर ही साडेसात हजारांची लोकसंख्या. राज्याचा जन्मदर हजारी बाराच्या आसपास आहे. म्हणजे या घरांत पाच वर्षांत साधारण साडेचारशे जन्म. त्याच पाहणीने गोव्याचा बालमृत्युदर १२.९ वरून हजारी ५.६ वर आल्याचे नोंदवले आणि त्याचे कौतुकही झाले. साडेचारशे जन्मांत हजारी ५.६ म्हणजे दोन-तीन मृत्यू. एखादे घर नमुन्यात आले असते किंवा सुटले असते तर हा दर दीडपट झाला असता किंवा अर्ध्यावर आला असता. खुंटलेल्या वाढीच्या मुलांचे प्रमाण २०.१ वरून २५.८ टक्क्यांवर गेले, या धक्कादायक वाटणाऱ्या आकड्यामागेही काही शे मुलेच आहेत. स्त्रियांमधील रक्तक्षयाचा आकडा दोन हजारांच्या आसपास स्त्रियांवर आधारलेला असल्याने त्यातील वाढ अधिक गांभीर्याने घ्यावी लागते. एकाच अहवालातील तीन आकडे आणि तिघांचे वजन वेगवेगळे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र ते एकाच मापाने छापले जातात.

तालुक्याचा आकडा तर या पाहणीतून निघतच नाही. पाहणीच्या वेळी उत्तर आणि दक्षिण असे दोनच जिल्हे होते. सत्तरीतील धनगरवाड्यावरची मुलगी आणि पणजीच्या सदनिकेतील मुलगी एकाच सरासरीत बसतात. घरांची निवड २०११ च्या जनगणनेच्या यादीवरून झाली. तेव्हा गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती आणि तिच्यातील ६२ टक्के शहरी. त्यानंतर वास्को, मडगाव, पर्वरी, म्हापसा यांच्या कडेने वस्त्या वाढल्या, भाड्याच्या खोल्यांत बांधकाम मजूर आले, आणि दुसरीकडे मालक परदेशी असलेली घरे कुलूपबंद झाली. निवडलेले घर बंद, शेजारच्या खोलीतील कुटुंब यादीत नाही, हा अनुभव गोव्यात पाहणीला निघालेल्या कोणालाही नवा नसावा.

याच्या उलट, घरोघर जाऊन केलेल्या मोजणीने गोव्याला जाग आणल्याचे उदाहरणही ताजे आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा देशाचे प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्याचे २६.४ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक, असे दिसले. इस्पितळाच्या बाह्यरुग्ण विभागात येतो तो आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक असलेला रुग्ण. ज्याला ठाऊकच नाही तो केसपेपरवर येत नाही. ‘गोमेकॉ’तील नोंदी कितीही चोख असल्या तरी हा आकडा त्यांतून निघाला नसता.

पेरू या देशाने यावर एक उपाय शोधला. दर पाच वर्षांनी होणारी कुटुंब पाहणी त्याने या शतकाच्या पहिल्या दशकात सतत चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. वर्षभर थोडी थोडी घरे, दरवर्षी निकाल. पोषण कार्यक्रमाची तरतूद त्या निकालांशी जोडली गेली. पाच वर्षांखालील मुलांतील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण तेथे २००८ मध्ये २८ टक्के होते, ते २०१६ मध्ये १३ टक्क्यांवर आले. हे केवळ पाहणीमुळे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. गरीब कुटुंबांना दिलेली रोख मदत आणि आर्थिक वाढ यांचाही त्यात वाटा होता. परंतु कोणत्या प्रांतात योजना अडली आहे, हे तेथील अर्थखात्याला वर्षाच्या आत कळत होते. दुसऱ्याच्या पैशावर पाहणी ठेवली की काय होते तेही जगाने नुकतेच पाहिले. अमेरिकेच्या मदतीने १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत चाललेला कुटुंब पाहण्यांचा कार्यक्रम २०२५ च्या आरंभी एका आदेशासरशी थांबला.

गोव्याला स्वतःची वार्षिक पाहणी परवडणार नाही, असे कोणी म्हणेल तर ते हिशेबाला धरून होणार नाही. बारा तालुक्यांत प्रत्येकी चारशे घरे धरली तर वर्षाला ४,८०० घरे होतात. आटोपशीर प्रश्नावली घेऊन चार पथकांनी रोज दहा-दहा घरे केली तर हे काम १२० दिवसांचे आहे. चारशे घरांच्या नमुन्यात प्रमाणाचा अंदाज पाच ते सात टक्क्यांनी वर-खाली होऊ शकतो. एका वर्षाचा तालुक्याचा आकडा म्हणून तो भरवशाचा नव्हे, पण सलग दोन-तीन वर्षांचा कल त्यातून नक्की दिसतो. राष्ट्रीय नमुना पाहणीला राज्याचा जोड नमुना घेण्याची पद्धत देशात जुनीच आहे आणि पर्वरीच्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाला घरोघरच्या कामाचा सराव आहे. शिरेतील रक्त तपासण्याचा खटाटोप मोठ्या राज्यांना जड जातो, कारण नमुने थंड ठेवून शेकडो किलोमीटर न्यावे लागतात. काणकोणहून बांबोळीला पोहोचायला मात्र दोन-अडीच तास पुरतात. राज्य लहान असण्याचा हा फायदा आजवर कोणी घेतलेला नाही.

एक अट मात्र सोडता येणार नाही. ज्या खात्याची योजना, त्याच खात्याच्या कर्मचाऱ्यांनी तिची पाहणी करू नये. अंगणवाडी सेविकेने आपल्याच अंगणवाडीतील मुलांचे वजन मोबाईलवर नोंदवायचे आणि त्यावरून आपल्याच कामाचे मोल ठरायचे, ही रचना तिच्यावरही अन्याय करणारी आहे. शिवाय नोंद होते ती अंगणवाडीत नाव असलेल्या मुलांची. भाड्याच्या खोलीत सहा महिन्यांपूर्वी आलेले मूल तिथेही नसते. मोजणी सांख्यिकी संचालनालयाने करावी, प्रयोगशाळेची बाजू ‘गोमेकॉ’च्या सामुदायिक वैद्यक विभागाने सांभाळावी आणि निकाल, ते अडचणीचे असले तरी, ठरलेल्या तारखेला प्रसिद्ध व्हावेत. ज्या घरी रक्त घेतले त्या घराला आपला अहवाल आठवडाभरात मिळावा, हेही त्यातच आले. नाही तर दुसऱ्या वर्षी दार उघडणार नाही.

घरांची नवी यादी २०२७ च्या जनगणनेनंतरच हाती येईल. तोवर दोन तालुक्यांत चाचणी घेता येईल. त्यासाठी सत्तरी आणि मुरगाव ही जोडी योग्य ठरावी. एक डोंगराळ, विखुरलेल्या वाड्यांचा. दुसरा बंदराचा, दाट वस्तीचा, भाडेकरूंचा. दोन्ही ठिकाणी बोटाचा थेंब आणि शिरेतील रक्त एकाच दिवशी, एकाच व्यक्तीचे तपासले, तर २०१९ च्या ३९ टक्क्यांपैकी किती रक्तक्षय खरा होता, याचा अंदाजही त्याच चाचणीतून मिळेल.